मालक नसलेली चार ताटं

आदिलाबादकडच्या आमच्या शाळेत मला सगळ्यात जास्त राग यायचा तो ताटं धुवायच्या मोरीचा. मोरी म्हणजे कमरेएवढ्या उंचीचा सिमेंटचा लांब कट्टा, त्यावर सहा नळ, त्यातले चार चालू. तिच्या एका अंगाला मराठी माध्यमाच्या खोल्या, दुसऱ्या अंगाला तेलुगू माध्यमाच्या. दोन्हीकडची दोन-सव्वादोनशे पोरं दुपारचं जेवण झालं की एकदम तिच्यावर तुटून पडायची. मोरी सगळ्यांची, त्यामुळे कोणाचीच नव्हती. मराठीवाले म्हणायचे तेलुगूवाल्यांनी घाण केली, तेलुगूवाले तेच आमच्याबद्दल त्यांच्या भाषेत म्हणायचे, आणि सांबारात भिजलेला भात नाली तुंबवून दोन्ही माध्यमांच्या पायाखाली सारखाच पसरायचा.

अंड्याच्या दिवशी तर बघायलाच नको. ज्यांना अंड्यातलं पिवळं आवडत नाही अशी बरीच पोरं शाळेत आहेत. ती पांढरं खायची आणि पिवळं नळामागच्या भिंतीला चिकटवायची. का, ते मला आजवर कोणी सांगू शकलेलं नाही. मी एकाला धरून विचारलं तर तो म्हणाला, सार, तिथं आधीपासून लावलेलं होतं. म्हणजे प्रथाच पडली होती.

मी गणिताचा मास्तर. गणित माझ्या नेमणुकीच्या कागदावर आहे. शिस्त मात्र माझ्याकडे आवाजामुळे आली. माझा आवाज तिसऱ्या शेतापर्यंत जातो असं गावातले लोक म्हणतात, आणि ते काही कौतुकानं म्हणत नाहीत. मला राग लवकर येतो आणि आला की भाषण होतं. वर्गात आठवीची पोरं गुपचूप भाषणाची वेळ मोजतात, हे मला माहीत आहे.

त्या मोरीची खरी झळ बसायची ती स्वयंपाक करणाऱ्या बाईला. सगळी पोरं तिला मावशी म्हणायची, तेलुगू माध्यमाचीसुद्धा. गावातल्याच एका शेतकऱ्याच्या घरची ती सून. पहाटे घरचं आवरायचं, मग शाळेत येऊन दोनशे पोरांचा भात, डाळ, सांबार करायचं आणि तिथून कापसाच्या शेतात जायचं, असा तिचा दिवस. मोरी धुणं तिच्या कामात बसत नव्हतं. पण भाताचा चिखल डोळ्यांसमोर ठेवून तिला घरी जाववत नसे. रोज ती खराटा घेऊन नाली मोकळी करायची आणि भिंतीवरचं पिवळं उलथण्यानं खरवडायची.

डिसेंबरातल्या एका शनिवारी तिनं हेडमास्तरांच्या टेबलावर दरख्वास्त ठेवली. येता आठवडाभर येईन, त्यापुढच्या सोमवारपासून येणार नाही. कारण एकाच ओळीत लिहिलं होतं, की मी जेवण करायला आले आहे, उष्टं काढायला नाही. तिच्या लेकीनं ते तेलुगूतून सुंदर अक्षरात लिहून दिलं होतं, त्यामुळे ते आणखीच लागत होतं.

तिच्या आधीची बाईदेखील याच कारणानं सोडून गेली होती. त्या वेळी तीन आठवडे शाळेत चूल पेटली नाही. बऱ्याच पोरांनी घरून डबे आणले. ज्यांच्या आया अंधारातच कापूस वेचायला जातात ती पोरं मात्र रिकाम्या हातानं आली आणि जेवणाच्या सुट्टीत नळाला तोंड लावून पाणी पीत बसली. डबा का आणला नाहीस विचारलं की म्हणायची, भूक नाई सार. ते तीन आठवडे मी विसरलो नव्हतो. दुसरी बाई तेव्हाच मोठ्या मुश्किलीनं मिळाली होती. आता ही गेली तर तिसरी मिळणार नाही, हे शाळेतल्या सगळ्यांना कळत होतं.

हेडमास्तर तेलुगू आणि मनानं फार मऊ. त्यांनी दरख्वास्त दोनदा वाचली, चष्मा पुसला आणि माझ्याकडे बघून म्हणाले, सारू, मीरे चूसुकोंडी. म्हणजे तुम्हीच बघा. शाळेत जे काही कोणालाच करायचं नसतं ते याच दोन शब्दांत माझ्याकडे येतं.

सोमवारी प्रार्थनेनंतर मी बोलायला उभा राहिलो. थंडी कडाक्याची होती. पोरं हात काखेत घालून उभी होती. मी आदर या विषयावर बोललो. सामायिक जागा म्हणजे काय, आपण जिथे जेवतो ती जागा आपल्या मागून येणाऱ्याचीही कशी असते, जो आपल्याला जेवू घालतो त्याचा मान कसा ठेवावा, सगळं आधी मराठीतून सांगितलं आणि मग माझ्या तेलुगूतून. माझं तेलुगू बाजारात भाव करण्यापुरतं आहे. त्यामुळे मराठीत पंधरा मिनिटं चाललेला आदर तेलुगूत दोन मिनिटांत आटोपला, आणि तो ऐकताना तेलुगू माध्यमाच्या बाई पदर तोंडाला लावून उभ्या होत्या.

शेवटी मला एक कल्पना सुचली. आमच्याकडे पोरांना मास्तर कुठेही दिसो, उभं राहून हात जोडून नमस्ते सार म्हणायची पक्की सवय असते. मास्तर पानाच्या ठेल्यावर असला तरी, आणि बसच्या खिडकीत अर्धा झोपलेला असला तरी. तर मी म्हणालो, जसं मास्तरांना नमस्ते करता तसंच मावशीलाही करायचं. दिसेल तिथे. आदराची सुरुवात तिथून होऊ द्या. पोरांनी एका सुरात हो सार म्हटलं. मला वाटलं, झालं काम.

मंगळवारी काय झालं ते ऐका. स्वयंपाकघरापासून व्हरांड्यापर्यंत पन्नास-साठ पावलं. मावशी सांबाराचं पातेलं घेऊन निघाली. पहिलीच्या वर्गापाशी चाळीस पोरं ताडकन उभी राहिली आणि ओरडली, नमस्ते मावशी. आता तिच्या माहेरी तिला असं वळण लागलेलं की समोरच्यानं हात जोडले आणि आपण जोडले नाहीत तर ते पाप. तिनं पातेलं जमिनीवर ठेवलं, पदर सावरला, हात जोडले, पातेलं उचललं. चार पावलांवर दुसरीचा वर्ग. पुन्हा पातेलं खाली. मग तिसरी. मग पाणी प्यायला आलेल्या सातवीच्या पोरी. मग खिडकीतून एकटाच एक. नमस्ते केलं की पातेलं खाली ठेवलं जातं, हा शोध लागल्यावर तर पोरांच्या आदराला ऊत आला. एकदा करून भागलेली पोरं खांबामागून फिरून पुन्हा पुढे येऊन हात जोडू लागली.

भात वाढायला पाऊण तास उशीर झाला. सांबार थंड. बालवर्गातली दोघं ताटावर डोकं टेकून झोपून गेली. आणि मोरी? मोरी कालच्यापेक्षाही घाण, कारण उशीर झाल्यामुळे सगळ्यांनी घाईघाईनं ताटं विसळली. जेवणानंतर मावशी स्टाफरूमच्या दारात आली. आत आली नाही. कमरेवर हात ठेवून म्हणाली, "सार, मले नमस्ते नोको. मले मोरी साफ पायजे."

बुधवारी मी सातवीतल्या एका मुलीला बोलावलं. ती शाळेची लीडर. अंगानं काडी, दोन घट्ट वेण्या आणि चेहऱ्यावर हसू म्हणून नाही. मराठी माध्यमाची, पण आजोळ तेलुगू, त्यामुळे दोन्ही भाषांत सारख्याच करडेपणानं बोलते. तिला समोर उभं करून मी नियम सांगितले आणि तिनं ते वहीत उतरवून घेतले. आपलं ताट आपण धुवायचं. उरलेलं आधी बादलीत टाकायचं. पिवळं नको असेल तर ते जेवायला बसतानाच शेजाऱ्याला द्यायचं, भिंतीला नाही. ताट धुऊन झालं की नळाखालची जागा हातानं साफ करून मगच पुढच्याला द्यायची. आणि न धुतलेलं ताट कुठेही सापडलं तर दुसऱ्या दिवशी प्रार्थनेत सगळ्यांसमोर उंच धरून मालक विचारायचा. हा शेवटचा नियम सुचल्यावर मी स्वतःवरच खूश झालो.

तिनं पेन्सिल थांबवून विचारलं, "सार, हे सगळ्यायले लागू हाय ना?"

मी टेबलावर थाप मारून म्हणालो, सगळ्यांना म्हणजे सगळ्यांना. या शाळेत जो जेवतो त्या प्रत्येकाला. तिनं तेही लिहून घेतलं.

त्या दिवशी अकरा ताटं सापडली. गुरुवारी प्रार्थनेत तिनं ती एकेक करून वर धरली. अकरा मालक मान खाली घालून पुढे आले आणि सगळ्या शाळेसमोर मोरीवर गेले. त्यात आठवीतला एक चांगला मिसरूड फुटलेला होता. त्याची अवस्था बघून बाकीच्यांनी काय धडा घ्यायचा तो घेतला. गुरुवारी दुपारी मी हात मागे बांधून मोरीपाशी उभा राहिलो. पोरं रांगेत येत होती, ताट धुवत होती, नळाखालची शितं वेचून बादलीत टाकत होती. नालीतून निव्वळ पाणी वाहत होतं. भिंत कोरडी होती. मावशीनं दारातून एकदा डोकावून पाहिलं आणि ती पातेली आवरायला आत गेली. मी तेच कौतुक समजलो. घरी जाताना सायकलवर गाणं गुणगुणल्याचंही आठवतं.

शुक्रवारी सकाळी प्रार्थना झाली, प्रतिज्ञा झाली, बातम्या झाल्या. लीडर पुढे आली. तिच्या हातात चार ताटं होती. वाळून कडक झालेल्या डाळीची. ती म्हणाली, "काल शाळा सुटल्यावर भेटले. सैपाकघराच्या पायरीवर व्हते. मालक नाई."

पायरीवरची चार ताटं कोणाची ते मला माहीत होतं. आम्ही चौघं मास्तर शाळेतलंच जेवतो. मुलांना वाढायच्या आधी मास्तरानं चव घ्यायची असा नियमच आहे, आणि चव घेता घेता पोटभर जेवण होतं. जेवलो की ताटं आम्ही स्वयंपाकघराच्या पायरीवर ठेवत असू. तिथून ती धुऊन फळीवर कशी जात, हे आम्ही कधी बोलत नसू. असं करा म्हणून कोणी सांगितलं नव्हतं, नको म्हणूनही नव्हतं. मी या शाळेत आलो त्या दिवसापासून हे असंच. पण गुरुवारी मावशीच्या शेतात कापूस वेचायला बाया यायच्या होत्या. पातेली आवरताच ती निघून गेली होती आणि आमची ताटं जिथल्या तिथं राहिली होती.

माझ्या शेजारी उभे असलेले दोघं मास्तर एकदम आकाशाकडे बघू लागले. हेडमास्तरांनी प्रतिज्ञेचा कागद पुन्हा वाचायला घेतला. मीही झेंड्याच्या खांबाकडे बघितलं. वाटलं, निभावून जाईल. ताटाचा काठ कोणी वाचतं थोडंच.

पण एकावर लिहिलेलं होतं. लीडरनं ते ताट उन्हात तिरपं धरलं आणि काठावर ठोकून कोरलेलं नाव मोठ्यानं वाचलं. बाईचं नाव.

सगळी शाळा एकदम मराठी दुसरीच्या रांगेकडे वळली, कारण त्या नावाची एक मुलगी दुसरीत होती. सात वर्षांची, नाक वाहणारी, स्वेटर उलटा घातलेली. तिनं घाबरून इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाली, माझं नाई, मी धुतलं व्हतं. तिच्या शेजारणीनं साक्ष दिली की हो, हिनं धुतलं, मी पाहिलं. पण लीडर नियमाची पक्की. नाव तुझं, ताट तुझं. ती खाली वाकून तिला म्हणाली, रडू नको, धुऊन टाक, लगेच होतं. आणि ताट तिच्या हातात दिलं. पोरगी हुंदके देत मोरीकडे निघाली. ते ताट तिच्या छातीएवढं होतं.

ते नाव माझ्या मायचं होतं.

ते त्या ताटावर कसं आलं ते सांगायला हवं. माझी माय शेतमजूर होती. लहानपणी सुट्टीत मी तिच्याबरोबर एका मोठ्या शेतकऱ्याच्या शेतात ज्वारी निंदायला जायचो. दहा वाजता त्यांच्या घरून चहा मिळायचा. आम्हा बौद्ध वस्तीतल्यांसाठी एक कप गोठ्याच्या वळचणीला वेगळा ठेवलेला असे, कान तुटलेला. माय तो काढायची, चहा घ्यायची, मला द्यायची, मग राखेनं घासून, धुऊन, पुन्हा तिथंच पालथा घालायची. हा कप घरात का नसतो, असं मी एकदा विचारलं होतं. ती म्हणाली, आपल्यासाठी मांडून ठेवला आहे, दुसऱ्या कोणाला देत नाहीत. मला त्या कपाचा अभिमान वाटायचा. खरं काय ते कळायला बरीच वर्षं गेली आणि कळलं तेव्हा मी रडलो होतो.

मला नोकरी लागली तेव्हा ती एकटी बसनं आदिलाबादला गेली आणि भांड्याच्या दुकानातून स्टीलचं जाड ताट घेऊन आली. दुकानदारानं विचारलं, नाव कोणाचं टाकू. तिनं मुलाचं नाही, स्वतःचं टाकायला सांगितलं. मला ताट देताना म्हणाली, शाळेत यातच जेव, आणि दुसऱ्याच्या दारात भांडं धुऊ नको. एकोणीस वर्षं मी तिचा शब्द पाळला होता. लग्नाच्या पंगतीत, नातेवाइकांकडे, कचेरीतल्या चहाच्या कपापर्यंत. आणि खरं सांगतो, त्यात आणखी एक गोष्ट होती. वेगळा कप ठेवणाऱ्या घरांसारख्याच एका घरची सून माझं ताट धुते, याची मला आतून गोडी वाटायची. कुणाला दाखवली नाही, पण वाटायची. मावशीनं माझं काहीएक वाईट केलं नव्हतं. त्या कपाची वसुली मी तिच्याकडून करत होतो.

आणि आता तेच नाव छातीशी धरून एक सात वर्षांची पोर दुसऱ्याचं उष्टं धुवायला चालली होती, रडत रडत. मला ते बघवलं नाही.

मी मास्तरांच्या रांगेतून बाहेर पडलो. माझा आवाज तिसऱ्या शेतापर्यंत जातो, पण त्या दिवशी तो मोरीपर्यंतही नीट पोचला नाही. मी म्हणालो, "ते ताट माझं आहे."

पोरगी थांबली, पण तिनं ताट सोडलं नाही. आता तिलाही नियम पटला होता. ती म्हणाली, यावर माझं नाव आहे. मी म्हणालो, ते माझ्या मायचं नाव आहे. तिनं माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. या एवढ्या माणसाला आई असेल आणि त्या आईचं नाव आपल्यासारखं असेल, हे दोन्ही तिला एकदम पटेना. मागच्या रांगांत खसखस सुरू झाली. शेवटी तिनं ताट माझ्या हातात दिलं आणि नाक स्वेटरच्या बाहीला पुसलं.

मी बाह्या वर केल्या. डिसेंबरातलं टाकीचं पाणी म्हणजे हाताला नुसत्या झिणझिण्या. रात्रभर वाळलेली डाळ सिमेंटसारखी बसली होती. मला सवय नव्हती, त्यामुळे मी हातानंच घासत बसलो. लीडरनं घासणी पुढे केली. सगळी शाळा बघत होती. आठवीतल्या मिसरूडवाल्याच्या चेहऱ्यावरचं समाधान तर मी जन्मात विसरणार नाही. ताट चकचकीत करून मी वर धरलं. लीडरनं ते हातात घेतलं, उलटं केलं, आणि म्हणाली, "सार, मागून राह्यलं."

मी मागूनही धुतलं. मग तिनं नळाखालच्या जागेकडे नुसतं बघितलं. तिथे दोन शितं होती, माझी नव्हती, आदल्या दिवसाची. मी ती वेचून बादलीत टाकली. तिनं वहीत खूण केली आणि बाजूला झाली. माझ्या मागे कोणीतरी उभं होतं. वळून पाहिलं तर हेडमास्तर, चष्मा खिशात घालून, स्वतःचं ताट हातात धरून रांगेत उभे. त्यांच्या मागे ते आकाशाकडे बघणारे दोघं. हेडमास्तरांनी ताट धुतलं ते पोरांकडे पाठ करून, आणि नळ इतका सोडला की त्यांचा सदरा पोटावर भिजला. दिवसभर ते फाईल पोटाशी धरून हिंडले.

मावशी केव्हातरी येऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली होती. खांद्यावर तांदळाची पिशवी तशीच. मी ताट फळीवर ठेवायला आत गेलो. इतकी वर्षं मी त्या खोलीत कधी पाऊल ठेवलं नव्हतं. मला तिच्याशी बरंच बोलायचं होतं. मी म्हणालो, मावशी, इतके दिवस आम्ही... आणि ताट फळीवर ठेवायला वळलो. गोडीची गोष्ट तर सांगणंच शक्य नव्हतं.

तिनं पिशवी खाली ठेवली. हेडमास्तरांना ती बडे सार म्हणायची. बडे सारांना सांगा म्हणाली, दरख्वास्त वापस द्या. मग थोडं थांबून तिनं अट घातली, की पातेलं हातात असताना कोणी नमस्ते करायचं नाही. मी लगेच कबूल झालो. तिसरी बाई शोधावी लागली नाही, आणि भूक नाई सार हे शब्दही त्या वर्षी पुन्हा ऐकावे लागले नाहीत.

संध्याकाळी मी ताट पिशवीत घालून घरी आणलं. बायको उटनूरला कचेरीत कारकून आहे, तिची बस सातला येते. तोवर चहा आम्ही दोघंच घेतो, माय आणि मी. माय आता थकली आहे, पण चहा तीच करते. मी सगळी हकीकत रंगवून सांगितली. नमस्तेपाशी ती खूप हसली. आपल्या नावाची एक दुसरीतली पोर आहे हे ऐकून तिला फार आनंद झाला. दिसायला कशी आहे, घरचं कोण आहे, जेवते का नीट, सगळं विचारून घेतलं. पण ताट मी धुतलं म्हटल्यावर तिचं हसू थांबलं.

"तुले धुवाले कोनं लावलं?"

मी म्हणालो, मीच नियम केला होता. आणि मग घाबरत घाबरत म्हणालो, माय, दुसऱ्याच्या दारात भांडं धुऊ नको असं तू म्हणाली होतीस.

तिनं पिशवीतून ताट काढून मांडीवर घेतलं. काठावरच्या अक्षरांवरून बोट फिरवलं. एका अक्षराच्या खाचेत डाळ राहिलीच होती. ती तिनं नखानं काढली आणि पदरानं काठ पुसत राहिली. मी तिला दुखावलं असं मला वाटलं, आणि माझे डोळे भरून आले.

"दुसऱ्याच्या दारात म्हनलं व्हतं म्या," ती म्हणाली. "शाळा का दुसऱ्याची हाय? तुही हाय ते."

मी मान हलवली.

"अन् हे घर कोनाचं हाय?"

माझंच, मी म्हणालो.

तिनं आपला चहाचा कप माझ्या कपाशेजारी ठेवला आणि दोन्ही कप माझ्याकडे सरकवले. एकोणीस वर्षं नोकरी आणि त्याआधीचं सगळं आयुष्य, माझा कप घरात कोण धुतं हे मी कधी विचारलंच नव्हतं. मी उठलो, न्हाणीत गेलो, दोन्ही कप घासले आणि खिडकीत एकाला एक लागून पालथे घातले. बाहेरून मायनं विचारलं, मागून धुतले का.